अरुण खेत्रपाल

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, परमवीर चक्र (१४ ऑक्टोबर १९५०, पुणे – १६ डिसेंबर १९७१, जरपाल, शकरगढ क्षेत्र) हे भारतीय भूसेनेच्या १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमधील अधिकारी होते. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील बसंतरच्या लढाईत शत्रूचे रणगाडे रोखून धरताना त्यांना वीरमरण आले. या कामगिरीबद्दल त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र हा युद्धकाळातील सर्वोच्च भारतीय शौर्य पुरस्कार देण्यात आला. मृत्यूच्या वेळी त्यांचे वय २१ वर्षे २ महिने होते आणि अधिकारी म्हणून त्यांच्या सेवेला सहा महिने व तीन दिवस झाले होते. परमवीर चक्र मिळवणारे ते त्या वेळेपर्यंतचे सर्वांत तरुण सैनिक होत. १९९९ च्या कारगिल युद्धात योगेंद्रसिंह यादव यांना वयाच्या १९ व्या वर्षी हा पुरस्कार मिळेपर्यंत ही नोंद कायम होती.

प्रारंभिक जीवन

खेत्रपाल कुटुंब मूळचे अविभाजित पंजाबातील सरगोधा येथील. फाळणीनंतर सरगोधा पाकिस्तानात गेले आणि कुटुंब भारतात आले. अरुण यांचा जन्म पुण्यात झाला, त्याचे कारण वडिलांची लष्करी नोकरी हे होते. वडील मदनलाल खेत्रपाल हे लष्कराच्या अभियंता दलात अधिकारी होते व पुढे ब्रिगेडियर पदावरून निवृत्त झाले. घराण्यात सैनिकी पेशाची परंपरा जुनी होती. पणजोबा शीख खालसा सैन्यात होते आणि चिलियनवाला येथे इंग्रजांविरुद्ध लढले, असे कुटुंबात सांगितले जाई (ही लढाई जानेवारी १८४९ मध्ये झाली). आजोबांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश भारतीय सैन्यात सेवा केली होती. म्हणजे तीन पिढ्यांनी तीन वेगवेगळ्या निशाणांखाली लष्करी सेवा केली होती.

अरुण यांचे शालेय शिक्षण हिमाचल प्रदेशातील सनावर येथील लॉरेन्स स्कूलमध्ये झाले. अभ्यासात व खेळात ते पुढे असत. पोहण्यात त्यांना विशेष गती होती आणि सॅक्सोफोन वाजवण्याची आवड होती. जून १९६७ मध्ये ते खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ३८ व्या तुकडीत दाखल झाले. तेथे ते फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनमध्ये होते व अखेरच्या सत्रात त्यांची स्क्वाड्रन कॅडेट कॅप्टन म्हणून नेमणूक झाली. ही नेमणूक एका स्क्वाड्रनमधील सर्व छात्रांमधून एकाचीच होते आणि ती करताना अभ्यास, खेळ, शिस्त व नेतृत्व या सर्वांचा विचार होतो. त्यांच्या गुणवत्तेविषयी मृत्यूनंतर पुष्कळ लिहिले गेले. तथापि मृत्यूपूर्वीचा आणि म्हणून गौरवाच्या भावनेपासून मुक्त असलेला पुरावा पाहायचा झाल्यास ही नेमणूक महत्त्वाची ठरते.

प्रबोधिनीतील तीन वर्षांनंतर डेहराडून येथील भारतीय सैन्य अकादमीत एक वर्षाचे प्रशिक्षण घेऊन १३ जून १९७१ रोजी ते १७ पूना हॉर्समध्ये सेकंड लेफ्टनंट झाले.

रेजिमेंटची पार्श्वभूमी

पूना हॉर्सचा उगम पेशवाईच्या अखेरच्या वर्षात आहे. जून १८१७ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे यांच्यावर लादण्यात आलेल्या पुणे तहानुसार पेशव्यांच्या खर्चाने परंतु कंपनीच्या हुकमतीखाली एक घोडदळ उभारण्यात आले. पूना ऑक्झिलरी हॉर्स हे त्याचे मूळ नाव. आपल्याच पैशाने उभ्या राहिलेल्या या स्वारांशी पेशव्यांच्या सैन्याला काही महिन्यांतच, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे लढावे लागले. त्या काळच्या अनियमित घोडदळांत स्वार आपला घोडा व हत्यार स्वतःच आणी. मराठ्यांच्या फौजेतील शिलेदार-बारगीर या जुन्या भेदातला ‘शिलेदार’ हा शब्द इंग्रजांनी या पद्धतीच्या नावासाठी जसाच्या तसा उचलला. आजही रणगाडा दलातील सैनिकास ‘स्वार’ व त्यावरील हुद्द्यांस ‘दफेदार’, ‘रिसालदार’ असेच म्हणतात, घोडे जाऊन अनेक दशके लोटली तरी.

१९२१ च्या पुनर्रचनेत ३३ वी लाइट कॅव्हलरी आणि ३४ वी पूना हॉर्स यांच्या एकत्रीकरणातून सध्याची रेजिमेंट तयार झाली. दख्खनच्या मातीत उगम पावलेली अशीच दुसरी रेजिमेंट म्हणजे डेक्कन हॉर्स. तिचे पूर्वज असलेले रिसाले निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचे होते. हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद (अंबाजोगाई) या मराठवाड्यातील छावण्या त्या कंटिंजंटच्याच. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले. नावे दख्खनची असली तरी विसाव्या शतकात या रेजिमेंटांत मराठी स्वार फारसे उरले नव्हते. १९७१ मध्ये पूना हॉर्सचे बहुतेक स्वार राजस्थान व उत्तर भारतातील होते.

कोवळ्या वयात पडलेला शूर अधिकारी ही या रेजिमेंटला नवी गोष्ट नव्हती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील फेस्टुबेर येथे २५ नोव्हेंबर १९१४ रोजी ३४ व्या पूना हॉर्सचे लेफ्टनंट फ्रँक डी पास वयाच्या २७ व्या वर्षी मारले गेले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९६५ च्या युद्धात रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर हे १६ सप्टेंबर रोजी चाविंडाच्या लढाईत मारले गेले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. मुंबईत जन्मलेले व पुण्यात शिकलेले तारापोर पूर्वी हैदराबाद संस्थानाच्या फौजेत होते. खेत्रपाल रेजिमेंटमध्ये रुजू झाले तेव्हा तारापोर यांच्या हाताखाली लढलेले अनेक जण तेथे होते. नव्या अधिकाऱ्यासमोर आदर्श होता तो केवळ सहा वर्षांपूर्वीचा, ऐकीव इतिहासातला नव्हे.

अहमदनगर ते आघाडी

रणगाडा दलात नव्याने आलेल्या अधिकाऱ्यास अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘यंग ऑफिसर्स’ अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. चालकाचे काम, तोफ चालवणे, बिनतारी यंत्र हाताळणे आणि शेवटी या तिन्हींचा मेळ घालून रणगाड्याचे व तीन रणगाड्यांच्या ट्रूपचे नेतृत्व करणे, असे त्याचे स्वरूप असते. खेत्रपाल हा अभ्यासक्रम करीत असतानाच युद्धाची चिन्हे दिसू लागली आणि अधिकाऱ्यांना आपापल्या रेजिमेंटमध्ये परत पाठवण्यात आले. आघाडीकडे जाताना ते वाटेत दिल्लीला घरी थांबले. त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश सोबत घेतला होता. लाहोरला गोल्फ खेळायचे आहे आणि विजयानंतर तेथे मेजवानी होईल तेव्हा गणवेश लागेल, असे त्यांनी विचारणाऱ्यास सांगितल्याची आठवण त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात येते.

अभ्यासक्रम अपुरा असल्याने त्यांना प्रत्यक्ष लढाईत घ्यावे की नाही, हा रेजिमेंटपुढे प्रश्न होता. प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग हे प्रशिक्षणाबाबत कमालीचे काटेकोर म्हणून ओळखले जात. खेत्रपाल यांनी मागे राहण्यास नकार दिला, तेव्हा अनुभवी सहकाऱ्यांकडून कसून सराव करवून घेऊन व पारख करूनच त्यांना आघाडीवर येऊ देण्यात आले, असे रेजिमेंटमध्ये सांगितले जाते. त्यांच्याकडे ‘ए’ स्क्वाड्रनमधील एका ट्रूपचे नेतृत्व आले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’ व क्रमांक जेएक्स २०२ होता. स्वार प्रयाग सिंग हे चालक, स्वार नथू सिंग हे तोफची आणि स्वार नंद सिंग हे बिनतारी यंत्र सांभाळणारे, असे तिघे त्यांच्यासोबत असत.

बसंतरची लढाई

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केल्यावर पश्चिम आघाडीवर युद्ध सुरू झाले. जम्मू आणि पठाणकोट यांना जोडणारा रस्ता आंतरराष्ट्रीय सीमेच्या अगदी जवळून जातो. काश्मीरशी असलेले भारताचे जमिनीवरील दळणवळण त्यावर अवलंबून होते. या रस्त्याच्या दक्षिणेस पाकिस्तानचा शकरगढ हा भाग भारताच्या बाजूस फुगवट्यासारखा पुढे आलेला आहे. तेथून होऊ शकणारा हल्ला टाळण्यासाठी लेफ्टनंट जनरल के. के. सिंग यांच्या पहिल्या कोअरने स्वतःच ५ डिसेंबरच्या रात्री या भागात चढाई केली. तिच्यातील मेजर जनरल डब्ल्यू. ए. जी. पिंटो यांच्या ५४ व्या पायदळ डिव्हिजनची वाट बसंतर नदीवरून जात होती. बसंतर ही रावीची उपनदी. हिवाळ्यात तिला पाणी बेताचेच असते. खरा अडथळा पाण्याचा नव्हता, तर दोन्ही काठांवर पसरलेल्या खोल सुरुंगपट्ट्यांचा होता.

सुरुंगपट्टा पायदळ ओलांडू शकते, कारण रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही. रणगाड्यांना मात्र मार्ग मोकळा करून द्यावा लागतो. त्यामुळे नदीपलीकडे गेलेल्या पायदळाला काही तास रणगाड्यांविना काढावे लागतात आणि शत्रू प्रतिहल्ल्यासाठी हेच तास निवडतो. १५ डिसेंबरच्या रात्री नेमके हेच घडले. ४७ व्या पायदळ ब्रिगेडने रात्री नऊच्या सुमारास पैलतीरावर ठाणे मिळवले. अभियंता दलाचे काम अर्धेच झाले असताना पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाल्याचे कळू लागले. मार्ग पूर्ण होण्याची वाट पाहिली तर पायदळ चिरडले जाणार होते, आणि न पाहिली तर स्वतःचे रणगाडे सुरुंगांवर जाण्याचा धोका होता. पूना हॉर्सने अपुऱ्या मार्गावरून रणगाडे पुढे काढले. पूना हॉर्स ज्या १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडमध्ये होती, तिचे प्रमुख ब्रिगेडियर अरुणकुमार श्रीधर वैद्य हे होते. मूळचे डेक्कन हॉर्सचे व अलिबाग येथे जन्मलेले वैद्य पुढे भूसेनाप्रमुख झाले. या लढाईतील नेतृत्वाबद्दल त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले.

१६ डिसेंबर रोजी सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या ८ व्या चिलखती ब्रिगेडचा पहिला प्रतिहल्ला जरपाल येथील ‘बी’ स्क्वाड्रनवर आला. अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे असलेली १३ लान्सर्स ही रेजिमेंट त्यात होती. फाळणीपूर्वी १३ लान्सर्स व पूना हॉर्स या दोन्ही रेजिमेंटा एकाच सैन्यात होत्या, ही बाब या लढाईविषयी वाचताना वारंवार आठवते. ‘बी’ स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर अमरजितसिंग बल यांनी कुमक मागितली. जवळच असलेल्या ‘ए’ स्क्वाड्रनमधून कॅप्टन व्ही. मल्होत्रा यांच्या नेतृत्वाखाली जी तुकडी निघाली, तिच्यात खेत्रपाल होते.

वाटेत शत्रूच्या खंदकांतून व रणगाडाविरोधी तोफांच्या मोर्च्यांतून त्यांच्यावर मारा झाला. रणगाडे थांबवून दुरून उत्तर देण्याऐवजी खेत्रपाल यांनी ते थेट मोर्च्यांवर घातले, काही सैनिक व शस्त्रे पिस्तुलाच्या धाकाने ताब्यात घेतली आणि मार्ग मोकळा केला. याच चकमकीत त्यांच्या ट्रूपमधील एका रणगाड्याचा प्रमुख मारला गेला. ते ‘बी’ स्क्वाड्रनपर्यंत पोहोचले तेव्हा शत्रूचे रणगाडे मागे वळू लागले होते. खेत्रपाल यांनी त्यांचा पाठलाग केला आणि एक रणगाडा नष्ट केला. त्यांच्या शौर्यपत्रात या पाठलागाचे वर्णन आवेगाने भारावून गेलेल्या माणसाची कृती, असेच केले आहे. शौर्यपत्रांच्या नेहमीच्या साचेबंद भाषेत असा उल्लेख क्वचितच आढळतो. हा तरुण अधिकारी अद्याप घडायचा होता आणि त्याचे वरिष्ठ ते जाणून होते, असा अर्थ त्यातून काढता येतो.

शत्रूने पुन्हा जुळवाजुळव करून नवा हल्ला चढवला. या वेळी तो ज्या बाजूवर आला ती केवळ तीन रणगाडे राखत होते. ते कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अवतार अहलावत आणि खेत्रपाल यांचे होते. अत्यंत जवळच्या अंतरावर झालेल्या या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांपैकी चार खेत्रपाल यांनी टिपल्याची नोंद शौर्यपत्रात आहे. अहलावत जखमी झाले व त्यांचा रणगाडा निकामी झाला, तर मल्होत्रा यांच्या रणगाड्याची तोफ बिघडली. मारा करू शकणारा रणगाडा आता एकच उरला होता आणि त्यालाही गोळा लागून आग लागली होती.

मल्होत्रा यांनी खेत्रपाल यांना रणगाडा सोडून बाहेर पडण्याची आज्ञा केली. आपली तोफ अजून चालते आहे व आपण रणगाडा सोडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी बिनतारी संच बंद केला, असे सहकाऱ्यांनी सांगितले आहे. या नकाराकडे आज्ञाभंग म्हणून पाहावे की आज्ञापालन म्हणून, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. त्याच सकाळी हनूत सिंग यांनी संपूर्ण रेजिमेंटला बिनतारी यंत्रावरून हुकूम दिला होता की प्रत्येक रणगाडा जेथे आहे तेथूनच लढेल आणि कोणीही तसूभर मागे येणार नाही. जळत्या रणगाड्यातून बाहेर पडणे म्हणजे माघार नव्हे, हे खरे. परंतु तो रणगाडा गप्प झाला असता तर त्या बाजूने शत्रूला आत शिरण्याची वाट खुली झाली असती. शौर्यपत्रातही हेच कारण नमूद आहे. खेत्रपाल यांनी आणखी एक रणगाडा टिपला. त्यानंतर दुसरा गोळा लागला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. शत्रूचा शेवटचा रणगाडा तेव्हा सुमारे शंभर मीटरवर होता.

त्याच दिवशी दुपारी ढाका येथे पाकिस्तानच्या पूर्व विभागाच्या सैन्याने शरणागती पत्करली. पश्चिम आघाडीवरील युद्धविराम दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता अमलात आला.

लढाईचा निष्कर्ष व मतभेद

१६ तारखेच्या दुपारी पाकिस्तानच्या ३१ कॅव्हलरीनेही हल्ला केला, पण तोही मोडून निघाला. १७ तारखेच्या पहाटे पाकिस्तानी पायदळाने केलेल्या प्रतिहल्ल्यात त्यांचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा आपल्या पलटणीच्या अग्रभागी मारले गेले. त्यांच्या शौर्याची लेखी नोंद प्रतिपक्षातील ३ ग्रेनेडियर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. ऐरी यांनी करून पाठवली आणि पाकिस्तानने राजा यांना हिलाल-ए-जुरत हा पुरस्कार दिला. जरपालच्याच बचावासाठी ३ ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग यांनाही परमवीर चक्र मिळाले. त्या युद्धातील चार परमवीर चक्रांपैकी दोन या एकाच खेड्याच्या परिसरातली आहेत आणि जिवंतपणी ते स्वीकारणारे होशियार सिंग हे चौघांतील एकमेव होते. हनूत सिंग, बल व ऐरी यांना महावीर चक्रे मिळाली.

बसंतरच्या लढाईत पाकिस्तानच्या ८ व्या चिलखती ब्रिगेडने चाळिसांहून अधिक रणगाडे गमावले, असे भारतीय लेखनात नमूद आहे. ब्रिगेड एकवटून न वापरता तिच्या रेजिमेंटा, किंबहुना स्क्वाड्रनसुद्धा, एकामागून एक सुट्या झोकून दिल्या गेल्या, अशी टीका पाकिस्तानातील लष्करी लेखकांनीही केली आहे. दुसरीकडे, पहिल्या कोअरची चढाई फार सावध व संथ होती आणि युद्धविरामापर्यंत शकरगढ किंवा झफरवाल यांपैकी एकही गाव हाती आले नाही, ही टीका भारतीय बाजूने झाली. दोन्ही टीका ग्राह्य मानल्या तरी जरपाल येथे उभ्या असलेल्या तीन रणगाड्यांसमोरचा प्रश्न बदलत नाही. ती बाजू फुटली असती तर नदीपलीकडचे पायदळ सुरुंगपट्ट्याच्या व शत्रूच्या मध्ये सापडले असते.

जुलै १९७२ च्या सिमला करारानुसार दोन्ही देशांनी आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडून सैन्य मागे घेतले आणि जरपालसह शकरगढचा जिंकलेला सर्व प्रदेश पाकिस्तानला परत गेला. खेत्रपाल यांचा मृत्यू झाला ती जागा आज भारतात नाही.

मृत्यूनंतर

खेत्रपाल यांचा मृतदेह व रणगाडा पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागला होता. पुढे दोन्ही परत मिळाले. सांबाजवळ त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. दिल्लीत कुटुंबाला मृत्यूची तार मिळाली ती युद्धविराम जाहीर होऊन गेल्यावर, म्हणजे मुलगा सुखरूप परत येईल अशी आशा बाळगण्यास जागा निर्माण झाल्यानंतर. २६ जानेवारी १९७२ रोजी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

२००१ मध्ये ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल वयाच्या ८१ व्या वर्षी आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोर येथे त्यांचा पाहुणचार निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केला. मुक्कामाच्या अखेरच्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितले की बसंतरच्या लढाईत आपण १३ लान्सर्समध्ये मेजर होतो आणि अरुण यांचा मृत्यू आपल्याच हातून झाला. आपण दोघेही सैनिक होतो आणि आपापले कर्तव्य करीत होतो, अशी त्यांची भूमिका होती, आणि अरुण यांच्या शौर्याविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. वडिलांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि यजमानाचा निरोप घेऊन ते भारतात परतले. ज्याने मुलाला मारले त्याच्याच घरी त्याची हकिगत वडिलांच्या कानी पडावी, अशी दुसरी नोंद दोन्ही देशांच्या युद्धेतिहासात सापडणे कठीण आहे. पुढे ही भेट वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली.

अपुरी कारकीर्द

खेत्रपाल यांच्याविषयीच्या लेखनात ‘जगले असते तर’ हा विचार अपरिहार्यपणे येतो. त्याला निश्चित उत्तर असू शकत नाही, परंतु काही तथ्ये मांडता येतात. त्यांच्या आधी वर्षभर, जून १९७० मध्ये, अधिकारी झालेले जनरल व्ही. के. सिंग हे २०१० ते २०१२ या काळात भूसेनाप्रमुख होते. त्यांच्यानंतर मार्च १९७२ मध्ये अधिकारी झालेले जनरल बिक्रम सिंग हे २०१२ ते २०१४ या काळात. म्हणजे खेत्रपाल यांची पिढी सैन्याच्या सर्वोच्च स्थानी पोहोचली ती त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. त्यांच्या रेजिमेंटचे प्रमुख हनूत सिंग हे लेफ्टनंट जनरल झाले, त्यांनी कोअरचे नेतृत्व केले आणि ‘फख्र-ए-हिंद’ हा पूना हॉर्सचा इतिहास लिहिला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

शौर्य आणि सेनानीपद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाठलागातील त्यांचा आवेग पाहता सावधपणा त्यांना पुढे शिकावा लागला असता, असे म्हणता येते. मात्र केवळ आवेगी माणसाकडून जे सहसा होत नाही, ते त्यांनी त्याच सकाळी तासा-दोन तासांच्या अंतराने करून दाखवले. एका जागी स्थिर राहून, जळत्या रणगाड्यातून नेम साधत, कोणती बाजू महत्त्वाची आहे हे ओळखून ते लढले. अभ्यासक्रम अपुरा राहिलेल्या अधिकाऱ्याकडून अशी समज दिसावी, हेच त्यांच्याविषयीच्या अपेक्षांचे सर्वांत भक्कम कारण होय.

स्मारके व सन्मान

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या संचलन मैदानास ‘खेत्रपाल परेड ग्राउंड’ असे नाव आहे. प्रत्येक तुकडीचे दीक्षांत संचलन याच मैदानावर होते. डेहराडूनच्या अकादमीतील सभागृहालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. नोएडा येथील ‘अरुण विहार’ ही निवृत्त सैनिकांची वसाहत त्यांच्याच नावाची. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील ‘परम योद्धा स्थळ’ येथे इतर परमवीर चक्र विजेत्यांसोबत त्यांचा अर्धपुतळा आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान व निकोबार येथील २१ बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट खेत्रपाल यांच्या नावाचे आहे.

श्रीराम राघवन यांनी त्यांच्या जीवनावर ‘इक्कीस’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला असून त्यात अगस्त्य नंदा यांनी अरुण यांची आणि धर्मेंद्र यांनी वडिलांची भूमिका केली आहे. शीर्षक अर्थातच त्यांच्या वयावरून आहे.

पूना हॉर्स १६ डिसेंबर हा दिवस बसंतर दिन म्हणून पाळते. ‘फामागुस्ता’ हा रणगाडा दुरुस्त करून अहिल्यानगर येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला आहे. खेत्रपाल यांचा अभ्यासक्रम अर्धवट राहिला तो याच संस्थेत.